फिरवलेले पैसे

२०२१ च्या जुलैमध्ये नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून पाच लाख रुपये गायब असल्याची तक्रार उपनगर पोलीस ठाण्यात दाखल झाली आणि शहरभर तोच विषय झाला. प्रेस म्हणजे काही साधं ठिकाण नव्हे. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात. फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान, आत-बाहेर करताना झडती, कागदाच्या प्रत्येक तुकड्याचा हिशेब. अशा जागेतून पाचशेच्या नोटांचे पाच लाख जातात म्हटल्यावर ज्याने त्याने आपापला चोर ठरवून टाकला. तपासात निघालं ते वेगळंच. नोटा प्रेसबाहेर गेल्याच नव्हत्या. चुकून पंच होऊन त्या नष्ट झाल्या होत्या, आणि चूक अंगाशी येईल म्हणून ती वेळीच वर कळवली गेली नव्हती.

पैसे गेले, पण कोणी घेतले नाहीत. नोकरीच्या नियमांत या लपवाछपवीला काय शिक्षा असेल ती असो. पण ‘अपहार’ हा शब्द इथे बसत नाही. कायद्याच्या इंग्रजीत ज्याला ‘मिसअप्रोप्रिएशन’ म्हणतात आणि लेखापरीक्षण अहवालांपासून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपर्यंत ज्याला आपण अपहार म्हणतो, त्याचं पहिलं लक्षण पैसा कमी पडणं हे नाहीच. अप्रामाणिक हेतू हे आहे. कुणाला तरी गैरलाभ किंवा कुणाचं तरी गैरनुकसान करायचं मनात हवं. तिजोरीला आग लागली, हिशेब लिहिताना शून्य जास्त पडलं, गठ्ठा चुकून यंत्रात गेला, तर निष्काळजीपणा म्हणा, बेफिकिरी म्हणा. अपहार म्हणता येणार नाही.

दुसरं लक्षण जास्त गमतीचं आहे. चोरीत वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून काढून घ्यावी लागते. फसवणुकीत खोटं सांगून ती द्यायला लावावी लागते. अपहारात यातलं काहीच करावं लागत नाही. वस्तू आधीच आपल्या हातात असते आणि पुष्कळदा सरळ मार्गाने आलेली असते. गुन्हा हात घालण्यात नसतो, पुढच्या वळणात असतो. म्हणून तो करणाऱ्याला स्वतःलाही तो नेमका कधी घडला हे सांगता येत नाही.

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेली भारतीय दंड संहिता या बाबतीत वाचनीय आहे. पुष्कळ कलमांखाली छोटी छोटी उदाहरणं दिलेली, ‘क’ आणि ‘य’ नावाच्या माणसांची. कलम ४०३ मधला ‘क’ मित्राच्या घरी जातो. मित्र घरी नाही. पुस्तकांच्या खोलीतून ‘क’ एक पुस्तक वाचायला उचलून आणतो. मित्राची ना नसणार असं त्याला मनापासून वाटतं. ही चोरी नाही. पुढे तेच पुस्तक ‘क’ विकतो आणि पैसे खिशात घालतो. आता अपहार झाला. पुस्तक तेच, माणूस तोच, घरात शिरणं तेच.

दुसऱ्या उदाहरणांत ‘क’ला रस्त्यावर काही ना काही सापडत असतं. एक रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला: गुन्हा नाही. पत्र सापडलं, त्यात नोट आहे आणि पत्त्यावरून मालक कळतो, तरी ठेवून घेतली: गुन्हा. समोरच्या माणसाचं पाकीट पडताना पाहिलं, परत द्यावं म्हणून उचललं आणि मग मन फिरलं: गुन्हा. किमती अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली: गुन्हा. म्हणजे सापडणाऱ्याकडूनही कायदा एवढी अपेक्षा करतो की त्याने वाजवी शोध घ्यावा आणि मालकाला वाजवी अवधी द्यावा. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर सापडलेल्या मोबाईललाही हेच लागू. ‘सापडला तो आपला’ हा शाळेच्या मैदानावरचा कायदा आहे, न्यायालयातला नव्हे.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलम ४०३ चं ३१४ झालं, उदाहरणं तीच राहिली. बदलली ती शिक्षा. पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, नुसत्या दंडावरही सुटका शक्य होती. आता किमान सहा महिने कैद आहे आणि दंड वेगळा.

या कलमातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मजकूर मात्र त्याच्या पहिल्या स्पष्टीकरणात दडलाय. थोड्या काळापुरता केलेला अपहार हाही अपहारच. तिथलं उदाहरण असं: ‘क’ला ‘य’ची सरकारी वचनचिठ्ठी सापडते. पुढे कधीतरी ‘य’ला ती परत करायचीच, असं ठरवून तो ती सावकाराकडे तारण ठेवून कर्ज काढतो. परत करायचा इरादा खरा असला, तरी गुन्हा झालेला आहे.

आपल्याकडे यालाच ‘पैसे फिरवणं’ म्हणतात. खाणं वाईट, हे सगळ्यांना मान्य असतं. फिरवण्याला मात्र नाव ठेवायला कोणी धजत नाही, उलट त्यात थोडी हुशारीच दिसते. गणेश मंडळाची वर्गणी खजिनदाराच्या दुकानात महिनाभर माल भरायला वापरली गेली आणि मांडववाल्याला पैसे वेळेवर मिळाले, तर ‘कुणाचं काय बुडालं?’ असा प्रश्न येतो. ग्रामपंचायतींच्या लेखापरीक्षणात मात्र कायम अपहार, संशयित अपहार आणि तात्पुरता अपहार अशी वर्गवारीच असते. गावाच्या घरपट्टीची वसुली दोन महिने खिशात ठेवून तिसऱ्या महिन्यात पूर्ण भरली, तरी ती तिसऱ्या रकान्यात जाते.

फिरवण्याचं शास्त्र पाहायचं तर पतसंस्थेची रोजकीर्द उघडावी. नाशिक जिल्ह्यात गावोगाव पतसंस्था आणि विविध कार्यकारी सोसायट्या आहेत, आणि त्यांच्या लेखापरीक्षकाची नजर आधी एका ओळीवर जाते: हातावरील शिल्लक. दिवस संपताना संस्थेत रोख किती राहिली, ही ती ओळ. समजा, संस्थेने ठरवलेली मर्यादा पंचवीस हजारांची आहे आणि जानेवारीभर, फेब्रुवारीभर रोज सायंकाळी शिल्लक दिसते दोन लाख दहा हजार. कागदावर रोख आहे. बँक पाचशे पावलांवर आहे. मग भरणा का होत नाही? उत्तर बहुधा एकच असतं: ती रोख तिजोरीत नाहीच, सचिवाच्या धंद्यात किंवा एखाद्या संचालकाच्या द्राक्षबागेत आहे. ३१ मार्चला कुठून तरी उसनवारी होते, रक्कम बँकेत भरली जाते, ताळेबंद स्वच्छ दिसतो. २ एप्रिलला ती पुन्हा निघते. वर्षअखेरीचा कागद पाहणाऱ्याला काही सापडत नाही. म्हणून मुरलेला लेखापरीक्षक सांगून येत नाही. तो भर दुपारी येतो, रोजकीर्द आधी सही करून बंद करतो आणि मग म्हणतो, ‘रोकड मोजू या.’ पाचशेच्या किती, शंभरच्या किती, सुटी नाणी किती, अशी यादी होते. खाली त्याची सही, सचिवाची सही. एवढ्या साध्या कागदावर मोठमोठी प्रकरणं उभी राहिली आहेत.

पिग्मीची तऱ्हा याहून बारीक. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये ही रोजच्या बचतीची योजना काढली आणि पुढे ती महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी उचलली. एजंट रोज संध्याकाळी दुकानं फिरतो, भाजीवाल्याकडून पन्नास, टपरीवाल्याकडून शंभर घेतो, कार्डावर किंवा मशीनवर नोंद करतो आणि दुसऱ्या दिवशी संस्थेत भरणा करतो. आता त्याने सोमवारच्या वसुलीतले दोन हजार घरी वापरले. मंगळवारच्या वसुलीतून त्याने सोमवारच्या खातेदारांचा भरणा दाखवला, बुधवारच्यातून मंगळवारचा. याची टोपी त्याला. खातेदाराच्या कार्डावर आकडा बरोबर, संस्थेच्या खतावणीतही बरोबर, फक्त दोन दिवस मागे. हे वर्षानुवर्षं चालू शकतं, एका अटीवर: एजंटाने कधी रजा घेता कामा नये. तो आजारी पडला, बदली माणूस वसुलीला गेला आणि त्याने खातेदाराचं कार्ड खतावणीशी ताडून पाहिलं, की सगळं उघड्यावर येतं. बँका काही कर्मचाऱ्यांना सक्तीने सलग रजेवर पाठवतात. ते त्यांच्या प्रकृतीच्या काळजीपोटी नसतं.

एजंट, सचिव, खजिनदार यांची गोष्ट रस्त्यावर रुपया सापडलेल्या ‘क’पेक्षा गंभीर आहे, कारण त्यांना काही सापडलेलं नाही, त्यांच्यावर सोपवलेलं आहे. विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार म्हणजे फौजदारीपात्र न्यासभंग. पोलिसांच्या तोंडी अजून ‘चारशेसहा’ आणि ‘चारशेनऊ’ हेच आकडे आहेत. नव्या संहितेत दोन्ही ३१६ मध्ये आले. सामान्य माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद. लोकसेवक, बँकर, व्यापारी किंवा एजंट या नात्याने सोपवलेलं असेल तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही.

सोपवणं म्हणजे काय, यावर मात्र वकिलांची अनेक घरं चालली आहेत. भागीदाराने पेढीची वसुली स्वतःच वापरली, तर? वेलजी राघवजी पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एरवी भागीदार पेढीच्या मालमत्तेचा स्वतःच एक मालक असतो. ती त्याच्यावर कोणी सोपवलेली नसते. खास करार असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर हिशेबाचं भांडण दिवाणीत न्यावं. दोन भावांच्या दुकानातल्या गल्ल्यावरून पोलीस ठाण्यात गेलेल्या कितीतरी लोकांना तिथून परत यावं लागतं, त्याचं एक कारण हे.

उलट्या बाजूचं उदाहरण कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पगारपत्रकावर पीएफची कपात दिसते आणि पैसे निधीच्या खात्यात भरलेलेच नसतात. मालक म्हणू शकला असता, की कपात ही नुसती नोंद आहे, पैसे तर माझ्याच खात्यातून हलले नव्हते. कायद्याने ही पळवाट बुजवली. पगारातून कापलेला कामगाराचा हिस्सा मालकावर सोपवलेलाच आहे असं कलमाच्या स्पष्टीकरणात लिहून टाकलं. कंपनी अडचणीत होती, बँकेचा हप्ता थकला होता म्हणून ते पैसे ‘फिरवले’, हे उत्तर तिथे चालत नाही.

आता पुरावा कसा द्यायचा? सोपवलेली रक्कम नेमकी कोणत्या दिवशी, कुठे वळली, हे फिर्यादीला क्वचितच दाखवता येतं. जयकृष्णदास मनोहरदास देसाई विरुद्ध मुंबई राज्य या १९६० च्या खटल्यात मुंबईच्या एका डाइंग कंपनीकडे वस्त्रोद्योग आयुक्तांनी कापड रंगवायला दिलं होतं. बरंचसं कापड परत आलं नाही. विचारणा झाल्यावर खुलासा आला: कापड जुनं होतं, वाळवी आणि कसर लागून खराब झालं, कचरा म्हणून फेकून दिलं. न्यायालयाला तो पटला नाही. नुसता हिशेब देता आला नाही एवढ्यावरून शिक्षा करता येणार नाही. पण सोपवल्याचं सिद्ध आहे आणि दिलेला खुलासा खोटा आहे, तर अप्रामाणिक हेतूचा निष्कर्ष काढायला हरकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्या निकालाचा दाखला आजही दिला जातो.

वाळवीचा हा खुलासा वाचताना पंचतंत्र आठवल्याशिवाय राहत नाही. प्रवासाला निघालेल्या वाण्याने मित्राकडे लोखंडी तराजू ठेवला. परत आल्यावर मित्र म्हणाला, तो उंदरांनी खाल्ला. वाण्याने वाद घातला नाही. मित्राच्या मुलाला नदीवर नेलं, लपवून ठेवलं आणि सांगितलं, त्याला ससाण्याने उचलून नेलं. पुढची फिर्याद आणि निवाडा सगळ्यांना ठाऊक आहे. ठेव हा विषय आपल्याकडे जुना आणि नाजूक. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत ऋणानंतर लगेच निक्षेप येतो. उघड मोजून दिलेली ठेव वेगळी आणि मोहोरबंद, आत काय आहे ते न सांगता दिलेली वेगळी, इथपर्यंत धर्मशास्त्रकारांनी विचार केला आहे. कौटिल्याने सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत. मात्र तो गुन्ह्यांची यादी करत होता. गुन्हा होऊच नये म्हणून व्यवहार कसा बांधावा, याचा नमुना पाहायचा तर नाशिकमध्येच, पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून जावं लागतं.

तिथल्या दहाव्या लेण्यात, नहपान विहारात, ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. ठेव लेण्यात नाही, संघाकडेही नाही. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज उपभोगायचं. आणि व्याज कशासाठी तेही लिहिलेलं: पहिल्या ठेवीतून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आता हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापणही इकडे-तिकडे उरत नाही. हजाराच्या ठेवीचे वर्षाचे नव्वद वेगळ्या खर्चाला लावलेले. हा व्यवहार निगमसभेत ऐकवला आणि नोंदला गेला, असंही लेख सांगतो.

हा साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा दस्तऐवज माझ्या दृष्टीने आजच्या अनेक ट्रस्ट डीडपेक्षा चोख आहे. खर्च करणारा एक, पैसा सांभाळणारा दुसरा. मुदलाला हात लावायची मुभा कोणालाच नाही. ठेव एकाच ठिकाणी नाही. हेतू आकड्यासकट ठरलेला, त्यामुळे ‘यंदा शिल्लक पडले होते म्हणून’ असं म्हणायची सोय नाही. आणि सगळं उंच भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं कोरलेलं. कुणी पैसे फिरवले असते तर ते विसंगत दिसले असते.

हेतू ठरवून देणं, हीच सरकारी पैशाचीही रीत. दर अर्थसंकल्पी अधिवेशनात विधिमंडळ विनियोजन विधेयक मंजूर करतं. इंग्रजीत त्याला ‘अप्रोप्रिएशन बिल’ म्हणतात. हा तोच शब्द, फक्त ‘मिस’ न लागलेला. राज्याच्या संचित निधीतला पैसा कायद्याने ठरवलेल्या कामासाठी आणि ठरवलेल्या रीतीनेच काढता येतो, असं संविधानाचा अनुच्छेद २६६ सांगतो. एका लेखाशीर्षातला पैसा दुसरीकडे न्यायचा तर पुनर्विनियोजनाची परवानगी लागते. सार्वजनिक न्यासांनाही अशी वाट आहे. प्लेगच्या रुग्णांसाठी ठेवलेल्या निधीला आज रुग्णच नसतील, तर विश्वस्तांनी तो आपल्या मनाने सभागृहावर खर्च करायचा नसतो. धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयाकडून मूळ हेतूच्या जवळचा नवा हेतू ठरवून घ्यायचा असतो. हेतू बदलता येतो. बदलणारा हात आपला एकट्याचा नसावा, इतकंच.

प्रत्येक गैरवापर अपहार नसतो, हेही जाता जाता सांगायला हवं. घरगुती मीटरवर खाली दुकान चालवलं, तर वीज चोरलेली नाही. प्रत्येक युनिट मीटरमध्ये नोंदलं गेलं आहे आणि बिलही भरलं आहे. फक्त ज्या कामासाठी जोडणी दिली ते काम हे नव्हे. वीज कायदा २००३ ने दोन्हीला वेगवेगळी कलमं दिली आहेत. मीटरमध्ये फेरफार करणारा १३५ खाली चोर ठरतो. दुकानवाल्याला १२६ खाली अनधिकृत वापराचं, दुप्पट दराने काढलेलं बिल येतं. महावितरणचं पथक आलं की पुष्कळ जण हा फरक न कळल्याने उगाच ‘आम्ही चोर नाही’ म्हणून भांडत बसतात. पथकही तसं म्हणत नसतं.

सहकारी संस्थेत अपहार झाला की गावात पहिला प्रश्न येतो, ‘आत कधी जाणार?’ ठेवीदाराला मात्र त्याचे पैसे हवे असतात, आणि फौजदारी खटला ते परत आणेलच असं नाही. त्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० ची वेगळी वाट आहे. सहकारातली माणसं ती आकड्यांनीच बोलतात: आधी ‘त्र्याऐंशीची चौकशी’, मग ‘अठ्ठ्याऐंशीची जबाबदारी’. कलम ८८ खाली निबंधक किंवा त्याने नेमलेला अधिकारी संस्थेचा पैसा चुकीच्या कामाला लावणाऱ्या किंवा स्वतःजवळ ठेवून घेणाऱ्या संचालकावर, पदाधिकाऱ्यावर दोषारोप ठेवतो, म्हणणं ऐकून घेतो आणि रक्कम व्याजासह भरायला लावू शकतो. इथे कैदेचा प्रश्न नसल्याने हेतूवर फौजदारी खटल्याइतका काथ्याकूट होत नाही. नुसती डोळे मिटून सही केलेला संचालकही सापडतो. ‘मला सचिवाने सांगितलं म्हणून’ हे त्याचं उत्तर कागदावर येतं आणि तसंच पडून राहतं. मध्येच संचालक वारला तरी प्रकरण मिटत नाही. मालमत्ता ज्या वारसाकडे गेली त्याला नोटीस जाते, आणि वडिलांनी २००९ साली कोणत्या ठरावावर सही केली होती ते शोधत मुलगा जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात नकलेसाठी अर्ज करतो.